‘म्हणं’च्या आधी

पालमहून गोदावरीच्या दिशेने निघा आणि डिग्रसच्या बंधाऱ्यापाशी थांबा. पाणी अडलेलं आहे, काठाला चिखल आहे, चिखलात म्हशींच्या खुरांचे ठसे आहेत. तुमच्या शेजारी धोतराचा सोगा खोचलेला एक म्हातारा उभा आहे. पाण्याकडे बघत तो म्हणतो, “खाली नांदेडला सोडणार म्हणं.”

कुणी ठरवलं, कोणत्या बैठकीत, किती दिवसांसाठी? त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. दरवाजे उघडले की समजेल. मराठवाड्याचा हा ‘म्हणं’ मोठा हुशार शब्द आहे. बातमी देतो, साक्षीदार देत नाही. बोलणारा मोकळा, ऐकणाराही मोकळा.

आज तुम्हाला या ‘म्हणं’च्या आधी जायचं आहे. देश बॉम्ब बनवायला का घेतात, हातात आलेला का सोडतात आणि ‘परराष्ट्र धोरण’ नावाचा भारदस्त पदार्थ नेमका कोणत्या चुलीवर शिजतो, ते बघायचं आहे. नियम एकच. जिथे जाल तिथे खोलीत किती माणसं आहेत ती मोजायची आणि दाराबाहेर कोण उभं आहे तेही पाहून घ्यायचं.

खिशातल्या नोटा इथेच ठेवा. पहिल्या मुक्कामाला निजामाचा हाली शिक्का चालतो, सात हालीला सहा कलदार.

तारीख 27 ऑक्टोबर 1947, शहर हैदराबाद, वेळ पहाटेची. दिवे विझवून शहर झोपलेलं असायला हवं होतं, पण तुमच्याभोवती माणसांचा लोंढा आहे आणि घोषणा चालू आहेत. गर्दीने तीन घरांना वेढा घातला आहे. पंतप्रधान छतारीचे नवाब, निजामाचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद यांची ही घरं. हे तिघे आज दिल्लीला निघणार होते. भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार आहे, कार्यकारी मंडळाने बहुमताने तो मान्य केला आहे, निजामाचाही होकार झाला आहे. उरला आहे तो फक्त प्रवास. पण मोटार फाटकातून बाहेर पडू शकत नाही.

ही गर्दी इत्तेहादुल मुसलमीनची आहे आणि तिचा पुढारी कासिम रझवी. त्याची वकिली लातूरची, म्हणजे पालमहून दिवसभरात जाऊन येता येईल अशा गावातली. राजाने मान्य केलेलं परराष्ट्र धोरण एका तालुक्याच्या वकिलाने फाटकावर अडवलं. निजाम डळमळला, शिष्टमंडळ बदललं, पंतप्रधानही बदलले. महिन्याभराने, 29 नोव्हेंबर 1947 ला, सही झाली ती जवळजवळ त्याच करारावर. मधल्या महिन्यात काय मिळवलं म्हणाल, तर राज्यात हुकूम कुणाचा चालतो ते सगळ्यांना दिसलं.

करारानुसार परराष्ट्र व्यवहार भारताकडे होते. तरीही हैदराबादने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने हत्यारं आणून उतरवत होता. ऑगस्ट 1948 मध्ये राज्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध तक्रारही नेली. एका राज्यात एकाच वेळी तीन परराष्ट्र धोरणं चालू होती. एक सहीचं, एक बंदुकीचं, एक अर्जाचं.

आता परत पालमला या. 17 सप्टेंबर 1948. वेशीत माणसं जमली आहेत. रझवीच्या रझाकारांच्या भीतीने रानात रात्री काढलेली पोरं परत आली आहेत. कुणीतरी धापा टाकत येतो. “निजाम शरण आला म्हणं.” भारतीय फौज आत शिरल्यापासून पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्या दिवसाचा जल्लोष बघाच, पण लगेच निघू नका. पुढच्या दिवसांत मराठवाड्याच्या कितीतरी गावांत ज्यांच्या दारांना बाहेरून कड्या लागल्या ती दारं मुसलमान शेजाऱ्यांची होती. पंडित सुंदरलाल समितीने राज्यभरातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा बांधला आणि तो अहवाल पुढे कित्येक दशकं कपाटात राहिला. दिल्लीत किंवा हैदराबादेत कागदावर जे ठरतं, त्याचा शेवटचा हप्ता कुणाच्या ओसरीवर वसूल होतो, हे या दौऱ्यात विसरायचं नाही.

पुढचा मुक्काम ऑक्टोबर 1964. पालम आता महाराष्ट्रात आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. वाड्याच्या ओसरीवर बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे, त्याची तार कडुनिंबावर चढवली आहे. खरखरीतून बातमी येते आणि ओसरीवरचा एकजण तिचं पालमी भाषांतर करतो, “चीननं बॉम्ब उडवला म्हणं.” तारीख 16 ऑक्टोबर. दोन वर्षांपूर्वी याच चीनने हिमालयात आपली फौज मागे रेटली होती आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून जावं लागलं होतं.

आठच दिवसांनी, 24 तारखेला, आकाशवाणीवर होमी भाभा इंग्रजीत बोलतात. भाषण निःशस्त्रीकरणाच्या बाजूचं आहे, पण देशाच्या लक्षात राहतात ते त्यातले आकडे. 10 किलोटनचा एक स्फोट साडेसतरा लाख रुपयांत, पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत. दिल्लीत खासदार हेच आकडे घोकू लागतात. एवढ्यात होतंय, तर मग घाबरायचं कशाला?

ओसरीवरच्या पाटलाला हा आकडा समजावून सांगा. तो हसेल. बैलाची किंमत सांगितलीत, म्हणेल, पण गोठा कुठाय? कडबा, पेंड, गडी, नाल मारणारा, हे कुणाच्या हिशोबात धरलं? त्याचं बरोबर आहे. भाभांचे आकडे अमेरिकेत शांततेसाठीच्या स्फोटांकरता मांडलेल्या दरपत्रकावरून आलेले होते. अणुभट्टी, प्लुटोनियमचा कारखाना, बॉम्ब वाहणारी विमानं, इशारा देणारी रडार, सगळं त्यातून वगळलेलं.

नोव्हेंबरात गुंटूरला चला. काँग्रेसच्या बैठकीचा मंडप आहे. ठेंगणे, शांत लालबहादूर शास्त्री उभे आहेत आणि समोर त्यांच्याच पक्षाची माणसं बॉम्ब मागत आहेत. मोरारजी देसाई आणि कृष्ण मेनन यांचं एरवी एकमेकांशी पटत नाही, पण इथे दोघंही शास्त्रींच्या बाजूला. बॉम्ब नको हे शास्त्री निभावून नेतात. मात्र थोड्याच दिवसांत भाभांना जमिनीखालच्या ‘शांततामय’ स्फोटाची कागदी तयारी करू देतात. दार लावलं, कडी घातली नाही. डिसेंबरात ते लंडनला जाऊन अण्वस्त्रधारी देशांकडून संरक्षणाची हमी मिळते का, याची चाचपणी करतात. पक्की हमी मिळत नाही.

मग 1965 येतं. युद्ध होतं, पाऊस दगा देतो. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला लाल गहू आहे. पोत्यावर परदेशी अक्षरं आहेत आणि आईला त्या पिठाची पोळी लाटता येत नाही, ती तुटते. तिकडे अध्यक्ष जॉन्सन एकेक जहाज मोजून सोडतात, म्हणजे दिल्लीला पुन्हा पुन्हा विचारायला यावं लागेल.

जानेवारी 1966. ताश्कंदला गेलेले शास्त्री अकरा तारखेला तिथेच मरण पावतात. चोवीस तारखेला भाभांचं विमान माँ ब्लाँवर आदळतं. तेरा दिवसांत ज्यांनी दार किलकिलं ठेवलं ते गेले आणि ज्यांना त्या दारातून आत शिरायचं होतं तेही गेले. मे महिन्यात अणुऊर्जा आयोगावर भाभांच्या जागी विक्रम साराभाई येतात आणि स्फोटाचं काम थांबवायला सांगतात. अहमदाबादच्या कापडगिरण्यांच्या घरातला हा माणूस पत्रकारांना दोन वार कापडाचा दाखला देतो. कापडाचा भाव विचारता, पण माग नसेल तर दोन वार येणार कुठून? पालमच्या पाटलाचा बैल आणि साराभाईंचा माग एकच हिशोब सांगत होते.

आता खोलीतली माणसं मोजा. संसदेत ठराव झाला नाही, मंत्रिमंडळाने पत्रक काढलं नाही, वर्तमानपत्रात मथळा आला नाही. एका देशाने बॉम्बचं काम सोडलं आणि पालममध्ये कुणी “सोडलं म्हणं” एवढंदेखील म्हटलं नाही.

भुकेने बॉम्ब थांबवला, असा निष्कर्ष काढून तुम्ही उठायला लागलात तर बसा. अजून एक दुष्काळ बघायचा आहे.

मे 1973. डोक्याला टॉवेल गुंडाळा, नाहीतर ऊन लागेल. रस्त्याच्या कामावर बायाबापड्या रांगेने बसून खडी फोडताहेत. हातोडीचा दांडा घामाने काळा पडला आहे, फुटलेल्या चिपा डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून बाया मान वळवून घाव घालतात. मापाची पेटी भरली तरच मजुरी. दुपारी सुकडी वाटतात. संध्याकाळी रेशनची मिलो. तिची भाकरी थापताना कडेला चिरते, लालसर दिसते आणि थंड झाली की वातड होते. त्या महिन्यात महाराष्ट्रात 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. पालमच्या आसपास आज जे जुने रस्ते आणि पाझर तलाव दिसतात, त्यांच्यापैकी कितीतरी याच हातांचे.

याच दुष्काळाच्या वर्षी, सप्टेंबर 1972 मध्ये, तुम्हाला तुर्भ्याला जाऊन यायचं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात इंदिरा गांधी आल्या आहेत. शास्त्रज्ञ राजा रामण्णा त्यांना स्फोटाच्या उपकरणाचा लाकडी नमुना दाखवतात. त्या तोंडी सांगतात, पुढे करा. कागद नाही, शाई नाही. मोजा, हाताच्या बोटांवर माणसं.

मग 1966 ची भूक आणि 1972 ची भूक यांच्यात फरक काय? धान्य 1966 साली अमेरिकेच्या मेहरबानीचं होतं. 1973 मध्ये सरकार मोठ्या प्रमाणात विकत घेत होतं आणि रशियाने 20 लाख टन गहू उसना दिला होता. मधे 1971 चं युद्ध होऊन गेलं, रशियाशी मैत्रीचा करार झाला, अमेरिकेचं ‘एंटरप्राइज’ जहाज बंगालच्या उपसागरात येऊन गेलं. आणि खोलीत माणसं वेगळी होती. भूक खोलीत शिरून हात वर करत नाही. आत बसलेल्यांपैकी कुणी तिला हिशोबात धरलं तरच तिचं मत पडतं. सहा वर्षांपूर्वी धरलं होतं, कारण धान्याचं जहाज दुसऱ्याच्या हाती होतं. या वेळी ते अडवून धरणारा कुणी नव्हता.

18 मे 1974, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. पोखरणमध्ये वाळू उचलली जाते. गंगाखेडच्या स्टेशनात मात्र शुकशुकाट आहे, कारण देशभर रेल्वेचा संप चालू आहे आणि संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात आहेत. त्यांचा चेहरा नीट बघून ठेवा, ते पुढे पुन्हा भेटतील. पालमच्या चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकून आलेला मुलगा सांगतो, “आपुन बी उडवला म्हणं!” चहा सांडतो, टाळ्या होतात. संप त्या दिवसापुरता बातम्यांच्या खाली जातो.

‘म्हणं’ हा शब्द त्या दिवशी फक्त पालमचा नव्हता. परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांना 48 तास आधी सांगितलं गेलं आणि संरक्षणमंत्री जगजीवनराम यांना स्फोट झाल्यावर कळलं, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणजे देशाच्या संरक्षणमंत्र्यालाही बातमी टपरीवरल्यासारखीच मिळाली. ऑक्टोबरात यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांच्या टेबलावर या सकाळचं बिल येऊन पडलं. कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं होतं आणि अणुसामग्री पुरवणारे देश भारतासारख्यांची वाट बंद करण्यासाठी एकत्र येऊ लागले होते.

आता पासपोर्ट काढा. इतरांनी कसं सोडलं, ते धावतं बघू.

सप्टेंबर 1990, ब्राझीलमधलं काशिंबूचं रान. लष्कराने गुपचूप खोदलेली 320 मीटर खोल विहीर आणि काठावर नवे राष्ट्राध्यक्ष फर्नांडो कोलोर, फावड्याने तिच्यात चुना टाकताहेत. आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं. इथे चुना टाकून लष्कराला सांगितलं जातंय की आता मालक लोकांनी निवडून दिलेला आहे. शेजारी अर्जेंटिनाचं भयही ओसरलं होतं. पुढच्याच वर्षी दोघांनी एकमेकांचे अणुप्रकल्प तपासणारी एकत्र संस्था काढली. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनी मिळून एकच मोजणीदार लावावा तसं.

दक्षिण आफ्रिका. प्रिटोरियाजवळ सहा बॉम्ब तयार आहेत, सातवा अर्धवट. 1989 मध्ये डी क्लर्क अध्यक्ष झाले, क्यूबाच्या फौजा अंगोलातून निघू लागल्या, शीतयुद्ध विझत आलं. आणि घरात काय दिसत होतं? आज ना उद्या सत्ता काळ्या बहुसंख्यांकडे जाणार. 1990 च्या सुरुवातीला बॉम्ब सुटे करण्याचा हुकूम निघाला, आराखड्यांचे कागद नष्ट झाले आणि 24 मार्च 1993 ला हे सगळं उरकल्यावरच संसदेला सांगितलं गेलं. शत्रू दूर गेला होता, हे खरं. पण किल्ल्या उद्या कुणाच्या कमरेला लागतील, हा प्रश्नही त्या खोलीत बसलेला होता. त्याच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली नव्हती इतकंच.

युक्रेनला थंडीचे कपडे लागतील. सोव्हिएत संघ फुटल्यावर सुमारे 1,900 लांब पल्ल्याची अण्वस्त्रं त्याच्या जमिनीवर उरली, पण ती डागायची सूत्रं मॉस्कोत. घर तुमचं, कुलूप दुसऱ्याचं. तिजोरी रिकामी होती. 5 डिसेंबर 1994 ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने सीमांचा मान राखण्याचं लिहून दिलं आणि 1996 पर्यंत शेवटचं अस्त्र रशियात गेलं. 2014 आणि 2022 मध्ये त्या कागदाचं काय झालं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं आहे. शास्त्री लंडनहून पक्क्या हमीविना परतले, ते आठवलं का?

शेवटचा मुक्काम दिल्ली, डिसेंबर 1995. पंतप्रधान नरसिंह राव एकटे बसले आहेत. निजामाच्या राज्यात वाढलेले, नागपूरला कायदा शिकलेले, रामटेकहून दोनदा लोकसभेवर गेलेले, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे. मराठी त्यांना उत्तम येते, पण आज ते कोणत्याच भाषेत बोलत नाहीत. पोखरणला हालचाल चालू आहे. अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली, 15 तारखेला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली, क्लिंटन यांचा फोन आला. 1991 च्या संकटातून अर्थव्यवस्था नुकतीच उठून बसली आहे, निर्बंध लागले तर काय होईल हा प्रश्न समोर आहे. निवडणूकही काही महिन्यांवर. चाचणी होत नाही. पण खड्डे बुजवत नाहीत की चुना टाकत नाहीत. दार लावलं, कडी पुन्हा घातली नाही. 1998 च्या मे महिन्यात वाजपेयींच्या काळात ते सताड उघडलं आणि तेव्हा संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. म्हटलं होतं ना, पुन्हा भेटतील.

परत या. पायांना कितीतरी गावांची धूळ आहे. जितके देश पाहिले त्यात उपरती होऊन बॉम्ब सोडलेला एकही सापडला नाही. शेजाऱ्याचं भय कमी झालं, पैशाची दोरी दुसऱ्याच्या हाती गेली, मालक बदलला किंवा बदलणार अशी धास्ती पडली, तेव्हा सुटला. बरेचदा तर ते सोडणं नव्हतंच, ‘आज नको’ होतं. आणि धरणं असो की सोडणं, खोलीत माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

बंधाऱ्यावर म्हातारा अजून उभा आहे. त्याला हे सगळं सांगून बघा. तो थोडा वेळ ऐकेल, मग 2017 ची गोष्ट काढेल. त्या वर्षी तूर उदंड पिकली आणि भाव हमीच्या 5,050 रुपयांखाली गेला. खरेदी केंद्रावर पोत्यांवर झोपून त्याने रात्री काढल्या. आदल्या वर्षीच्या जुलैत भारताने मोझांबिकशी डाळी आणायचा करार केला होता. वर्षाला 1 लाख टनांपासून सुरुवात, पुढे 2 लाखांपर्यंत. देशात डाळ महाग झाली होती म्हणून तो झाला, त्यालाही कारण होतं. मोझांबिक कुठे आहे हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. करार झाला म्हणं, एवढंच कानावर आलं होतं.

पलीकडे दरवाजे करकरले. पाण्याला धार लागली. म्हातारा त्याकडे बघत राहिला, मग तुमच्याकडे वळला.

“ते समद्या जगाचं राहू द्या,” तो म्हणाला. “ही पाण्याची बैठक पुढल्या टायमाला कधी हाय? आन् कोन्त्या हापिसात?”

एवढ्या वेळात त्याच्या बोलण्यात ‘म्हणं’ पहिल्यांदाच आलं नव्हतं.